जालावरील काही ज्ञानपोया

(संस्थेच्या अमृतमहोत्सवानिमित्त वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अमृतमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत एका शाळामास्तराला बोलवावे आणि त्याने संगणकाच्या पडद्यावर मौजेखातर काय पाहावे यावर बोलावे, हे थोडे विलक्षण वाटेल. अशा प्रसंगी समाजाची उन्नती, संस्थेचा इतिहास, दात्यांचे ऋण असे भारदस्त विषय असतात. परंतु आपल्या कार्यवाहांनी आम्हाला हा विषय दिला त्याला कारण आहे. आपल्या वाचनालयात एक संगणक आणि जालाची जोडणी घ्यावी, असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेपुढे यायचा आहे. त्याबद्दल दोन तट पडले आहेत. वडीलधारी मंडळी म्हणतात, "पोरे घरी मोबाईलमध्ये डोके घालून बसतातच, आता संस्थेच्या पैशाने इथेही तेच करायचे काय?" तरुण म्हणतात, "वाचनालयात आता वर्तमानपत्राचे चार वाचक आणि दोन पंखे एवढेच उरले आहे." दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. कोणाची बाजू घेऊन भांडावे असे आमच्या मनात नाही. आम्ही आज फक्त काही जागा दाखवणार आहोत. त्या पाहून आपणच ठरवावे.

प्रथम एक भेद स्पष्ट करू. मोबाईलवर आपल्याकडे चालून येते ते एक, आणि आपण उठून जिथे जातो ते दुसरे. पुढे ढकललेले संदेश, एकामागून एक सरकणाऱ्या चित्रफिती, जाहिराती या गोष्टी दारावर येणाऱ्या फेरीवाल्यासारख्या आहेत. आपल्याला काय हवे हे तो विचारत नाही, त्याच्या टोपलीत जे आहे ते तो खपवतो. उलट संकेतस्थळावर आपण आपल्या पायांनी जातो, मनात एक प्रश्न घेऊन जातो. फेरीवाल्याला कंटाळून बाजाराला जाणेच सोडून द्यावे असे कोणी म्हणत नाही. मग आळशी चाळ्याला कंटाळून कुतूहलाचे दार का लावावे?

दुसरी गोष्ट खास आपल्या संस्थेशी संबंधित आहे. आपण धर्मादाय संस्था आहो. वर्गणीतून, देणगीतून, कोणाच्या मृत्युपत्रातल्या चार ओळींतून आपली संस्था उभी राहिली. उन्हाळ्यात रस्त्यावर पाणपोई घालतात, तहानलेल्याला जात विचारत नाहीत, पैसाही मागत नाहीत. आज आम्ही ज्या जागांची नावे घेणार आहो त्यांतल्या बहुतेक अशाच ज्ञानपोया आहेत. कोणी देणगीवर चालवलेल्या, कोणी विद्यापीठाने, कोणी सरकारने. म्हणजे त्या आपल्याच गोत्रातल्या होत.

मुळात हे जाल सर्वांना खुले झाले तेही एका दानामुळे. १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली नावाच्या तरुण इंग्रज संशोधकाने निरनिराळ्या संगणकांवरील कागद एकमेकांना जोडण्याची योजना मांडली. १९९१ मध्ये जगातले पहिले संकेतस्थळ लोकांपुढे आले. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने जाहीर केले की या शोधावर आमचा हक्क नाही, कोणीही तो विनामूल्य वापरावा. त्या दिवशी त्यांनी दर पानामागे एक पैसा जरी आकारायचे ठरवले असते, तर आज आपल्या गावातल्या मुलापर्यंत हे पोचले नसते. ते पहिले पान सर्नने पुन्हा जतन करून ठेवले आहे. ना चित्र, ना रंग, नुसत्या काही ओळी. मुलांना ते अवश्य दाखवावे. मोठ्या वृक्षाचे बी केवढे होते ते कळते.

आता आपण हिंडायला निघू. आपल्या घरापासूनच आरंभ करू, म्हणजे आपल्या भाषेपासून.

आपण बेळगावकडची माणसे. आमच्या स्वतःच्या घरात आजी दख्खनी बोले, शाळा मराठी, आणि भाजी घ्यायची ती कानडीत. अशा माणसाला शब्द कुठून आला हे शोधण्याइतकी दुसरी करमणूक नाही. अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियाच्या भाषांचे जुने कोश जालावर विनामूल्य ठेवले आहेत. त्यात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे. त्याची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि सुधारून वाढवलेली दुसरी १८५७ ची. दाते-कर्वे यांचा, १९३२ पासून खंडशः निघालेला महाराष्ट्र शब्दकोशही तिथे आहे. ग्रंथालयात हे खंड कपाटाच्या वरच्या फळीवर असतात आणि शिडी आणायला कोणी राजी नसते. इथे शब्द टंकित करावा की अर्थ पुढे हजर.

हा कोश उघडून आम्ही वर्गात एक खेळ खेळतो. मुलांनी आपल्या अवतीभवतीचे दहा शब्द आणायचे आणि ते कोणत्या गावचे पाहुणे आहेत ते शोधायचे. मुलाच्या पाठीवरचे दप्तर फारशीतून आलेले. कागद आणि शाई हे शब्दही तिकडचेच. वकील आणि तारीख अरबीतून. पगार, चावी, बटाटा आणि पाव हे पोर्तुगीजांनी गोव्याच्या वाटेने आणलेले. हापूस आंब्याच्या नावातसुद्धा एक पोर्तुगीज आफोन्सो लपलेला आहे. आजोबांच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता कानडी, आणि ज्यांना आपण अण्णा, अक्का म्हणून हाक मारतो त्या हाकाही कानडी. मुलांना हे सांगावे लागत नाही, ती स्वतः शोधतात. एकदा शोधले म्हणजे 'ही आमची भाषा, ती त्यांची' असे म्हणताना जीभ थोडी अडखळते. ते अडखळणे आम्हाला मोलाचे वाटते.

कोशाशेजारीच विश्वकोश आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाई येथे बसून ज्याचा पाया घातला, त्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. आज त्याचे वीसही खंड जालावर कोणालाही वाचता येतात. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना याचे महत्त्व अधिक आहे. एकेक खंड मागवायचा, त्याचा टपालखर्च भरायचा, वाळवीपासून जपायचा, हा व्याप आपल्या ग्रंथपालांना ठाऊक आहे. आम्ही मुलांना एक युक्ती शिकवली आहे. एक नोंद वाचायची, तिच्यातला न समजलेला एक शब्द उचलायचा आणि त्याची नोंद काढायची. 'मीठ' पासून निघालेला मुलगा अर्ध्या तासात कुठे पोचेल याचा नेम नाही. घड्याळाकडे मात्र एकाने लक्ष ठेवावे.

विश्वकोश तज्ज्ञांनी लिहिला, विकिपीडिया सर्वांनी मिळून लिहिला. १५ जानेवारी २००१ रोजी तो इंग्रजीत सुरू झाला. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ चा. त्याच्या पानावर एक गंमतीची कळ आहे. ती दाबली की लाखांच्या ढिगातून कोणताही एक लेख पुढे येतो. आज एखादे खेडे, उद्या एखादा धूमकेतू, परवा एखादा विसरलेला नट. चिठ्ठी उचलून नाव काढावे तसे. तथापि त्याची खरी मौज पुढे आहे. तिथे चूक दिसली तर दुरुस्त करता येते, लेख नसेल तर लिहिता येतो. मात्र जे लिहिले त्याला आधार द्यावा लागतो. 'आमच्या काकांनी सांगितले' हा आधार चालत नाही, छापील पुस्तक किंवा वृत्तपत्र लागते. आपल्या गावच्या जुन्या तलावावर, वाड्यावर, दर्ग्यावर, देवळावर, नाट्यगृहावर लिहिणारे हात आपल्याच सभागृहात बसले आहेत, आणि आधाराची पुस्तके आपल्याच कपाटात आहेत. हा योग जुळवायला काय हरकत आहे?

आता गणिताकडे वळू. गणित म्हटले की मागच्या रांगेतली मंडळी उठू लागतात. त्यांनी पाच मिनिटे बसावे.

नाशिकजवळच्या देवळालीत दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नावाचे एक शाळामास्तर होते. जन्म १९०५, मृत्यू १९८६. मोठी पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही. अंकांशी खेळणे एवढाच छंद. त्यांनी एक गोष्ट शोधली. चार आकडी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंकांची सर्वांत मोठी मांडणी करा, तीतून सर्वांत लहान मांडणी वजा करा, आणि जे उरेल त्याचे पुन्हा तसेच करा. १९४७ हे साल घेऊ. ९७४१ मधून १४७९ गेले, ८२६२ राहिले. ८६२२ मधून २२६८ गेले, ६३५४. पुढे ६५४३ उणे ३४५६, ३०८७. मग ८७३० उणे ०३७८, ८३५२. शेवटी ८५३२ उणे २३५८, ६१७४. आता ६१७४ चे तसेच करा. ७६४१ उणे १४६७, पुन्हा ६१७४! कोणतीही संख्या घ्या, फार तर सात पायऱ्यांत आपण या ६१७४ च्या दारात येऊन उभे राहतो. पाहिजे तर घरी जाऊन आपल्या जन्मवर्षावर प्रयोग करावा.

त्या काळी इथल्या पुष्कळ विद्वानांनी कापरेकरांचे काम पोरखेळ म्हणून बाजूला सारले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी एका प्रसिद्ध अमेरिकन मासिकात त्यांच्याविषयी लिहिले आणि जगभर त्यांचे नाव झाले. आज संख्याक्रमांचा एक प्रचंड कोश जालावर आहे. नील स्लोन या गणितज्ञाने १९६४ साली, विद्यार्थी असताना, स्वतःच्या सोयीसाठी संख्यांच्या मालिका टिपायला सुरुवात केली. १९९६ मध्ये तो संग्रह संकेतस्थळ झाला, आणि २००९ साली स्लोन यांनी तो एका प्रतिष्ठानाच्या, म्हणजे आपल्यासारख्याच एका ट्रस्टच्या, स्वाधीन केला. त्यात तीन लाखांहून अधिक मालिका आहेत. तिथल्या चौकटीत १, ९, ४५, ५५, ९९ असे पाच आकडे लिहा. उत्तर येते, कापरेकर संख्या! ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. ५५ चा वर्ग ३०२५, ३० अधिक २५ म्हणजे ५५. पुढे त्याच मालिकेत २९७ आहे. त्याचा वर्ग ८८२०९, ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. देवळालीच्या मास्तरांचे नाव अशा रीतीने जगाच्या खातेवहीत कायमचे लागले आहे. हे पाहिल्यावर आमच्या वर्गातली, गणिताला घाबरणारी मुले पाटी-पेन्सिल घेऊन बसली, हे आम्ही समक्ष पाहिले.

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठाने गणितज्ञांच्या चरित्रांचे एक संकेतस्थळ ठेवले आहे. कापरेकर तिथेही आहेत आणि नवव्या शतकातला बगदादचा अल-ख्वारिझ्मीही आहे. भारतीय अंकांनी हिशेब कसा करावा यावर त्याने ग्रंथ लिहिला. त्याचे लॅटिन भाषांतर युरोपात गेले, आणि त्याच्या नावाचा अपभ्रंश होऊन 'अल्गोरिदम' हा शब्द झाला. मोबाईलवर पुढची चित्रफीत कोणती दाखवायची हे अल्गोरिदम ठरवतो, असे आज मुले बोलतात. त्या शब्दात एका ग्रंथकाराचे नाव आहे आणि त्याच्या हातात आपल्या देशाचे अंक होते, हे त्यांना कळले की त्या यंत्राचा दरारा थोडा कमी होतो. जे माणसांनी केले ते माणसाला समजून घेता येते.

गणितातून आकाशाकडे जाणे सोपे. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या संकेतस्थळावर १९९५ च्या जूनपासून 'दिवसाचे खगोलचित्र' प्रसिद्ध होत आले आहे. एक चित्र आणि त्याखाली खगोलशास्त्रज्ञाने लिहिलेल्या चार-सहा ओळी. आपल्या जन्मदिवशी कोणते चित्र होते ते काढून पाहणे हा मुलांचा आवडता खेळ आहे.

केवळ पाहून समाधान होत नसेल तर हातभारही लावता येतो. २००७ साली 'गॅलक्सी झू' नावाचा एक उपक्रम निघाला. दुर्बिणीने टिपलेल्या सुमारे नऊ लाख दीर्घिकांची छायाचित्रे होती, ती नुसती वर्गवार लावायला शास्त्रज्ञ पुरे पडेनात. म्हणून त्यांनी ती लोकांपुढे ठेवली. ही गोल की चक्राकार, एवढेच पाहून सांगा. हॉलंडमधील हॅनी फान आर्केल नावाच्या शिक्षिकेला एका दीर्घिकेशेजारी एक विचित्र डाग दिसला. दुसरे कोणी असते तर पुढचे चित्र काढले असते. बाईंनी विचारले, "हे काय आहे?" ते कोणालाच ठाऊक नव्हते. तो वायूचा एक अवाढव्य ढग निघाला. शेजारच्या दीर्घिकेच्या गाभ्यातून पूर्वी बाहेर पडलेल्या प्रखर प्रकाशाने तो उजळला होता, आणि तो मूळ दिवा आता मंदावला आहे. पुढे हबल दुर्बिणीने त्याचे छायाचित्र घेतले, आणि आज तो त्या शिक्षिकेच्या नावाने ओळखला जातो. त्या उपक्रमातून 'झूनिव्हर्स' हे मोठे संकेतस्थळ झाले. तिथे कोणाही शाळकरी मुलाला खऱ्या संशोधनाचे काम मिळते. तिथे दाखला विचारत नाहीत, लक्ष लागते.

चंद्राचेही तसेच. 'स्टेलॅरियम' हे विनामूल्य तारांगण आहे. गावाचे नाव सांगितले की आपल्या गच्चीवरून या घटकेला कोणता ग्रह कुठे दिसेल ते दाखवते. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी आमच्या घरची मुले त्यावर चंद्र किती उंचीवर आहे ते आधी पाहतात आणि मग गच्चीवर धावतात. मोठी माणसे मात्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मान हलवीत नाहीत, आणि ते योग्यच आहे. त्यावरून मुलांनी एकदा विचारले की ईद कधी उन्हाळ्यात, कधी पावसाळ्यात येते, मग दिवाळी नेहमी थंडीच्या तोंडावरच कशी? उत्तर साधे आहे. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे सौरवर्षाहून अकरा दिवस कमी. हिजरी गणना तो फरक तसाच राहू देते, म्हणून सण ऋतूंमधून प्रवास करतो. आपले पंचांग सुमारे तेहेतीस महिन्यांनी अधिक मास घालून तो फरक भरून काढते. चंद्र एकच, हिशेब दोन. दोन्ही घरची मुले एका पडद्यापुढे बसून हे शिकली.

आकाशातून खाली उतरू. 'अर्थ नलस्कूल' नावाचे एक संकेतस्थळ कॅमेरॉन बेकारिओ या गृहस्थाने २०१३ साली केले. त्यावर पृथ्वीचा गोल फिरतो आणि त्यावरून वारे रेषांच्या रूपाने वाहताना दिसतात. जून-जुलैत ते उघडावे. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडून वारा वळतो आणि अरबी समुद्रावरून थेट आपल्या सह्याद्रीवर येऊन धडकतो. आंबोली-खानापुराकडे झोडपणारा पाऊस कुठून निघाला ते लहान मूलसुद्धा बोटाने दाखवते. याच वाऱ्यावर शिडे सोडून एके काळी अरबी गलबते या किनाऱ्याला लागत. त्यांच्या भाषेत 'मौसिम' म्हणजे ऋतू. त्यावरून आपले मोसमी वारे आणि इंग्रजांचा मॉन्सून.

तो पाऊस सुरू झाला की घाटात शीळकरी कस्तूर बोलू लागतो. त्याची शीळ इतकी माणसासारखी, पण मध्येच सूर चुकवणारी, की इंग्रजीत त्याला शीळ घालणारा शाळकरी मुलगा म्हणतात. 'झेनो-कॅन्टो' या हॉलंडमधील संकेतस्थळावर २००५ पासून जगभरच्या लोकांनी टिपलेले पक्ष्यांचे आवाज साठवले आहेत. दहा हजारांहून अधिक जातींचे! हा कस्तूर तिथे ऐकून मग घाटात ओळखावा. कुहूकुहू करणारा कोकीळ नर असतो, हेही कानांनी पटवून घ्यावे.

आणि वाचनालयात बसून पुस्तकांविषयी बोललो नाही तर ग्रंथपाल रागावतील. ब्रूस्टर काल यांनी १९९६ साली सॅन फ्रान्सिस्को येथे 'इंटरनेट आर्काइव्ह' ही ना नफा तत्त्वावरील संस्था काढली. जालावरची पाने रोज बदलतात, पुसली जातात. ती जशीच्या तशी जपून ठेवणे हा तिचा एक उद्योग. २०२५ च्या ऑक्टोबरात अशा पानांची संख्या एक लाख कोटीवर गेली. एखाद्या वृत्तपत्राचे संकेतस्थळ वीस वर्षांपूर्वी कसे दिसत होते ते तिथे पाहता येते. काल बोललेले आज नाकारणाऱ्यांना ती जागा फारशी आवडत नाही! दुसरा उद्योग पुस्तकांचा. भारत सरकारच्या डिजिटल ग्रंथालयासाठी ज्या जुन्या ग्रंथांची छायाचित्रे घेतली होती, त्यांतली हजारो मराठी पुस्तके तिथे वाचायला मिळतात. आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते, हा नियमही जाणून ठेवावा. आपल्या वाचनालयात अशी काही जुनी पुस्तके आहेत जी हात लावताच तुटतात. त्यांची छायाचित्रे घेऊन ती सर्वांसाठी ठेवता आली, तर आपण ज्ञानपोईवर नुसते पाणी पिणारे न राहता घागर भरून ठेवणारेही होऊ.

इथवर मौजेच्या गोष्टी झाल्या. आता ज्यासाठी आम्ही हा विषय स्वीकारला ते सांगतो.

दर दिवाळीला एक चित्र मोबाईलवर फिरते. अवकाशातून दिसणारा भारत, रंगीबेरंगी दिव्यांनी फुललेला. 'दिवाळीच्या रात्री नासाने घेतलेले छायाचित्र' असे खाली लिहिलेले असते. पाहून मन आनंदते. पण ते दिवाळीचे नाही. अमेरिकेच्या नोआ या हवामान-संस्थेतील क्रिस एल्विज यांनी २००३ साली अनेक वर्षांच्या रात्रीच्या नोंदी एकत्र करून ते तयार केले. १९९२ च्या आधीचे दिवे पांढरे, त्यानंतर वाढलेले निळे, हिरवे आणि लाल. गावे कशी वाढली हे दाखवणारा तो नकाशा आहे. २०१२ च्या दिवाळीत नासाने खरे छायाचित्र आणि हा खुलासा दोन्ही प्रसिद्ध केले, आणि दिवाळीच्या पणत्यांनी पडणारा फरक अवकाशातून जाणवण्याइतका नसतो हेही सांगितले. तरी ते चित्र अजून फिरते.

या चित्राने कोणाचे नुकसान झाले नाही, हे खरे. परंतु ज्या वाटेने ते आले त्याच वाटेने दुसरेही येते. कुठल्या तरी परगावच्या, परदेशच्या, दहा वर्षांपूर्वीच्या भांडणाचे चित्र येते आणि खाली लिहिलेले असते, 'काल आपल्या शेजारी घडले.' कोणत्या जमातीने कोणाला काय केले हे त्यात ठासून सांगितलेले असते. 'सर्वांना पाठवा' हे शेवटचे वाक्य. आम्ही शाळामास्तर. एका बाकावर तीन घरची मुले बसवतो. रात्री एका घरात आलेला असा मजकूर सकाळी त्या बाकावर उतरतो, हे आम्ही पाहिले आहे. काल डबा वाटून खाणारी मुले आज दप्तर मध्ये ठेवून बसतात. फळ्यावर कितीही सुंदर सुविचार लिहिला तरी ते दप्तर सरकत नाही.

ते सरकते कशाने? आमचा अनुभव असा की उपदेशाने नाही, सवयीने. ज्या मुलाने 'हापूस' शब्दाचा माग काढला, ६१७४ स्वतः पडताळून पाहिला, चंद्र पडद्यावर पाहून पुन्हा गच्चीवर जाऊन पाहिला, ते मूल असा मजकूर आला की आपोआप विचारते, "हे कुठले? कधीचे? कोणी सांगितले?" चित्राचा माग काढण्याची साधनेही आहेत. 'टिनआय' या संकेतस्थळावर चित्र टाकले की ते पूर्वी कुठे कुठे प्रसिद्ध झाले ते दिसते. आमच्या एका विद्यार्थ्याने असेच एक चित्र शोधून काढले आणि वर्गात उभे राहून सांगितले, "सर, हे आपल्या देशातलेच नाही." त्या दिवशी मधले दप्तर खाली गेले. मौजेची संकेतस्थळे म्हणून ज्यांना आपण हसतो, ती या सवयीची तालीम आहे. आखाड्यात कसलेले अंग वेळेला उपयोगी पडते, तसेच हे.

म्हणून ठरावासंबंधी आमच्या चार सूचना आहेत. संगणक घ्यावा, पण तो कोपऱ्यात ठेवू नये. दाराकडे पडदा येईल असा मधोमध ठेवावा, म्हणजे येणाराजाणारा पाहील आणि दोन शब्द बोलेल. दुसरे, रविवारी सकाळी एक तास एक वडीलधारी व्यक्ती आणि दोन मुले अशी जोडी बसावी. मुलाला कळ दाबता येते, आजोबांना काय विचारावे ते ठाऊक असते. दोघांनाही एकमेकांची गरज आहे. तिसरे, शेजारी एक जाड वही ठेवावी. आज काय विचारले, काय सापडले, कोणत्या जागी सापडले, हे तीत तारीख घालून लिहावे. 'कुठे सापडले' हा रकाना कोरा राहिला तर ती नोंद ग्राह्य धरू नये. चौथे, ज्या ज्ञानपोयांचे पाणी आपण पिऊ, त्यांतल्या एखाद्या देणगीवर चालणाऱ्या संस्थेला वर्षातून एकदा, रक्कम लहान असली तरी, आपल्या ट्रस्टने देणगी पाठवावी. फुकट पाणी पिणाऱ्याने निदान एकदा घागर उचलावी, हा आपल्या वाडवडिलांचा रिवाज आहे.

पंच्याहत्तर वर्षांपूर्वी या संस्थेच्या संस्थापकांनी चार कपाटे आणि एक कंदील घेऊन वाचनालय काढले, तेव्हाही कोणी तरी म्हटले असेल की पोरे कादंबऱ्या वाचून बिघडतील. काही बिघडलीही असतील. पण त्याच कपाटांतून शिकून गेलेली माणसे आज या सभागृहात पुढच्या रांगेत बसली आहेत. त्यांनीच आता नव्या कपाटाची किल्ली मुलांच्या हाती द्यायची की नाही ते ठरवायचे आहे. आमची विनंती एवढीच की किल्ली द्यावी, आणि दिल्यावर शेजारी बसावे.

 संस्थेची शताब्दी पाहण्याचे भाग्य या बालमित्रांना लाभो, आणि त्या वेळी ती वही शेवटच्या पानापर्यंत भरलेली असो.